कामाच्या चॅटवर किती वेळात उत्तर द्यायचे, हे कोणी ठरवायचे?

मूळ लेखन

मी तांत्रिक लेखन करते, म्हणजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिते आणि जुन्या पुस्तिका सुधारते. या कामात सलग दोन तास मिळाले तर एक प्रकरण हातावेगळे होते. तेच प्रकरण पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत लिहायला घेतले तर दोन दिवस रेंगाळते आणि शेवटी त्यात चुकाही राहतात. आमची टीम नऊ जणांची आहे आणि दिवसभराचे बहुतेक बोलणे स्लॅक या कार्यालयीन चॅट ॲपवर होते.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी नोटिफिकेशन दोन तास बंद ठेवली आणि ‘लेखनात आहे, चार वाजता भेटते’ असे स्टेटस लावले. चार वाजता पाहते तर एका वरिष्ठ सहकाऱ्यांचा संदेश आला होता, बारा मिनिटांनी त्यांनी नुसते प्रश्नचिन्ह पाठवले होते, त्यानंतर ‘आहात का?’ असे विचारले होते आणि शेवटी दोनदा फोन केला होता. एक फाईल कोठे ठेवली आहे, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि ती त्यांना तोपर्यंत सापडलीही होती. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मात्र ‘काही जण उपलब्ध नसतात’ असा उल्लेख झाला आणि तो कोणाविषयी आहे हे सर्वांना कळले.

मला त्याचे वाईट वाटले, पण त्याहून अधिक विचार करायला लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. या टीममध्ये मला चार वर्षे झाली आणि संदेशाला किती वेळात उत्तर अपेक्षित आहे हे मला कोणीही कधी सांगितलेले नाही. मीही कोणाला विचारलेले नाही. प्रत्येकाने आपापल्या मनाशी काही ठरवले आहे आणि दुसऱ्याला त्याच मापाने मोजतो आहे.

त्यानंतर मी एका पूर्ण दिवसाची नोंद ठेवली. आठ तासांत माझ्यापर्यंत १०४ सूचना (नोटिफिकेशन) पोहोचल्या. त्यांपैकी माझ्याकडून काही हवे होते असे संदेश १९ होते, आणि त्याच दिवशी उत्तर दिले नसते तर कोणाचे तरी काम अडले असते असे फक्त ३. त्या तिघांपैकी एकालाही दहा मिनिटांत उत्तर मिळण्याची गरज नव्हती. एका दिवसाच्या नोंदीवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, तरीही त्या ३ संदेशांसाठी मी १०४ वेळा मान वर केली, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून हा धागा. आपल्या टीममध्ये उत्तराच्या वेळेविषयी काही ठरलेले आहे का, ते लिहून ठेवलेले आहे का, आणि वरिष्ठ मंडळी स्वतः ते पाळतात का, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी एका कार्यालयात संगणक व्यवस्थेचे काम पाहतो, त्यामुळे आधी सेटिंगविषयी लिहितो, कारण निम्मा त्रास तेथेच कमी होऊ शकतो आणि बहुतेक लोक ॲप बसवल्यानंतर सेटिंगचे पान पुन्हा उघडतच नाहीत.

स्लॅकमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी, म्हणजे विषयवार गटासाठी, वेगळी सूचना ठरवता येते. ज्या चॅनेलमध्ये आपण केवळ माहितीसाठी आहात, तो म्यूट करावा. जेथे कामाचे बोलणे होते, तेथे फक्त आपला उल्लेख झाल्यावर सूचना यावी असे ठेवावे. आपल्या कामाशी संबंधित काही विशिष्ट शब्द नोंदवून ठेवता येतात, म्हणजे तो शब्द आला तरच सूचना मिळते. मोबाईलवर सूचना लगेच न येता, आपण संगणकावर नसाल तेव्हाच यावी, अशीही सोय आहे; ती वापरली नाही तर एकच संदेश दोन यंत्रांवर दोनदा वाजतो.

‘@हिअर’ आणि ‘@चॅनेल’ यांतील फरक टीममधील प्रत्येकाला समजावून सांगावा. पहिला त्या क्षणी सक्रिय असलेल्यांनाच सूचना देतो, दुसरा चॅनेलमधील सर्वांना देतो. चाळीस जणांच्या चॅनेलमध्ये ‘@चॅनेल’ लिहून बैठकीची खोली बदलल्याचे सांगणे म्हणजे चाळीस जणांना हातातले काम खाली ठेवायला लावणे होय.

आपण दोन तास सूचना थांबवल्या होत्या म्हणून एक सांगतो. अशा वेळी थेट संदेश पाठवणाऱ्याला आपल्या सूचना थांबवलेल्या असल्याचे दिसते आणि खरोखरच निकड असेल तर ‘तरीही कळवा’ असा पर्यायही त्याला मिळतो. म्हणजे दार बंद असले तरी घंटी लावलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘टीम्स’ या चॅट ॲपमध्ये ‘तातडीचा’ अशी खूण केलेला संदेश वाचला जाईपर्यंत वीस मिनिटे दर दोन मिनिटांनी सूचना देत राहतो, आणि ‘व्यत्यय नको’ लावलेले असतानाही ज्यांचे संदेश पोहोचावेत अशा मोजक्या व्यक्तींची यादी करता येते. साधने आहेत, ती कधी वापरायची याचा करार नाही, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते.

प्रतिसाद २

मानसशास्त्राची अभ्यासक म्हणून तीन संशोधनांचा उल्लेख करते, कारण ‘एवढासा आवाज झाला तर काय बिघडते’ हा युक्तिवाद आपल्याला नक्की ऐकावा लागेल.

२०१५ साली स्टोथार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना सतत लक्ष द्यावे लागेल असे काम दिले होते आणि मध्येच त्यांच्या फोनवर सूचना पाठवल्या होत्या. त्यांनी फोनला हातही लावला नाही तरी त्यांच्या चुका वाढल्या. म्हणजे ‘मी पाहिले पण उत्तर दिले नाही’ असे म्हटल्याने व्यत्यय टळलेला नसतो.

दुसरे संशोधन ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांचे, २००८ सालचे. त्यात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले आणि दर्जातही फरक पडला नाही, परंतु ताण, वैताग, वेळेचे दडपण आणि करावे लागलेले श्रम हे सर्व वाढले. मला हे संशोधन फार महत्त्वाचे वाटते, कारण वरून पाहणाऱ्याला काम वेळेत झालेले दिसते. त्याची किंमत काम करणाऱ्याच्या अंगावर पडते आणि ती कोणत्याही अहवालात येत नाही.

तिसरे, फिट्झ आणि सहकाऱ्यांचे २०१९ सालचे संशोधन. दिवसातून तीन ठरावीक वेळी एकत्रित सूचना मिळालेल्या लोकांना लक्ष लागणे, मनःस्थिती आणि फोनवरील ताबा या बाबतींत बरे वाटले. सूचना पूर्णपणे बंद केलेल्यांची मात्र अस्वस्थता वाढली, कारण आपल्याकडून काही निसटते आहे ही भीती त्यांना सतावत राहिली. म्हणून सर्व काही बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. ठरलेल्या वेळी पाहायचे आणि त्या वेळा इतरांना माहीत असायच्या, एवढे पुरेसे ठरू शकते.

प्रतिसाद ३

मला नोकरीला लागून सात महिने झाले आहेत. माझा अनुभव थोडक्यात सांगतो. मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो आणि नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून कधी कधी माऊस हलवून येतो. मला असे करायला कोणी सांगितलेले नाही. परंतु नव्या माणसाने केलेल्या कामाचा दर्जा कळायला सहा महिने लागतात आणि उत्तराचा वेग पहिल्या दिवसापासून दिसतो, म्हणून जे दिसते तेच मी सांभाळत आलो आहे. वरिष्ठांनी एकदा जरी स्पष्ट सांगितले असते की दोन तासांनी उत्तर दिले तरी चालेल, तर मला फार हलके वाटले असते.

प्रतिसाद ४

मी दुसरी बाजू मांडते, आणि ती तितक्याच गांभीर्याने घ्यावी अशी विनंती करते. मी ग्राहकसेवेत आहे. समोर ग्राहक थांबलेला असतो, त्याच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या विभागातील एका व्यक्तीला माहीत असते आणि ती व्यक्ती ‘एकाग्र कामात’ असते. एकाच्या सलग दोन तासांसाठी दुसऱ्याचे दोन तास वाया जात असतील तर कार्यालयाने काय कमावले? धागाकर्तीच्या १०४ सूचनांमध्ये माझ्यासारख्या कोणाचा तरी एक संदेश असतो आणि पाठवताना तो त्या १०४ पैकी एक आहे हे आम्हाला दिसत नाही.

आमच्या अनुभवातून दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे आम्ही पोच आणि उत्तर या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ‘पाहिले, साडेतीनपर्यंत सांगतो’ एवढी एक ओळ मिळाली तरी मी ग्राहकाला खरे उत्तर देऊ शकते आणि माझे पुढचे काम सुरू करू शकते. मला झोंबते ते मौन. उशीर मी समजून घेऊ शकते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक विभागात दिवसागणिक एक व्यक्ती ‘आजची संपर्क व्यक्ती’ असते. त्या दिवशी तिच्याकडून मोठ्या कामाची अपेक्षा नसते आणि बाहेरून येणारे सर्व प्रश्न तिच्याकडे जातात. पाळी येते तो दिवस दगदगीचा असतो, पण बाकीचे चार दिवस इतरांना निवांत मिळतात.

संदेश कसा लिहावा याविषयीही बोलले पाहिजे. नुसते ‘नमस्कार’ लिहून थांबणाऱ्यांमुळे फार वेळ जातो. समोरची व्यक्ती उत्तरादाखल ‘नमस्कार, बोला’ लिहिते आणि मग प्रश्न टाईप होईपर्यंत दोघेही पडद्याकडे पाहत बसतात. अभिवादन, प्रश्न, लागणारी माहिती आणि उत्तर केव्हापर्यंत हवे ती वेळ, हे सर्व एकाच संदेशात असावे. ‘आज पाच वाजेपर्यंत कळले तर बरे’ असे लिहिण्यात उद्धटपणा नाही; उलट त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावे लागत नाही.

प्रतिसाद ५

मी सोळा जणांच्या टीमचा प्रमुख आहे आणि या विषयात माझ्याकडून झालेली चूक लिहिणे मला आवश्यक वाटते. मुले झोपल्यावर रात्री दहाच्या सुमारास मला शांतपणे विचार करता येतो, त्यामुळे सुचलेल्या गोष्टी मी त्याच वेळी टीमला पाठवत असे. उत्तर सकाळी मिळाले तरी चालेल असे मी मनात धरून होतो. वर्षभरानंतर राजीनामा देऊन जाणाऱ्या एका सहकारी बाईंनी शेवटच्या भेटीत मला सांगितले की रात्री फोन वाजला की त्यांच्या पोटात गोळा येत असे आणि त्या उत्तर दिल्याशिवाय झोपू शकत नसत. मी म्हणालो, ‘पण मी तर कधीच तातडीचे म्हटले नाही.’ त्या म्हणाल्या, ‘तातडीचे नाही असेही कधी म्हटले नाहीत.’

त्यानंतर या विषयावर वाचताना गिअर्ज आणि बोन्स यांचे २०२१ सालचे संशोधन माझ्या पाहण्यात आले. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, तातडीच्या नसलेल्या ईमेलना पाठवणाऱ्याला किती लवकर उत्तर हवे असेल, याचा अंदाज वाचणारे प्रत्यक्षापेक्षा जास्त घाईचा बांधतात. आणि पाठवणाऱ्याने ‘घाई नाही’ असे स्पष्ट लिहिले तर तो फरक कमी होतो, असे त्यांना आढळले. माझ्या बाबतीत नेमके हेच घडत होते. अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्या मौनाचा अर्थ खालची माणसे नेहमी कडकच लावतात, म्हणून स्पष्ट बोलण्याची जबाबदारीही त्याचीच असली पाहिजे.

आता आम्ही एका पानावर पुढील गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. चॅटवरच्या संदेशाला कामाच्या वेळेत चार तासांत उत्तर द्यावे. ईमेलला पुढच्या कामाच्या दिवसाअखेरपर्यंत द्यावे. काही बंद पडले असेल किंवा ग्राहकाचे नुकसान होत असेल तर चॅटवर न लिहिता थेट फोन करावा. फोन हा एकच मार्ग निकडीसाठी राखल्यामुळे चॅट चुकले तर काय होईल ही धास्ती गेली. रात्री पाळीवर असलेल्या व्यक्तीसाठी वेगळी सूचनाप्रणाली आहे आणि त्या पाळीचा मोबदला दिला जातो. ज्याची पाळी नाही, त्याने फोन बाजूला ठेवला तर त्याला जाब विचारला जात नाही.

रात्री सुचलेले मी आता ‘नंतर पाठवा’ ही सोय वापरून सकाळसाठी ठेवतो. परंतु तिच्यात एक खोच आहे. सर्व प्रमुखांनी एकच वेळ निवडली तर सकाळी नऊच्या ठोक्याला प्रत्येकाच्या पडद्यावर आठ-दहा संदेश एकदम आदळतात, आणि रात्रीतून परिस्थिती बदललेली असेल तर सकाळी शिळा प्रश्न पोहोचतो. म्हणून मी रात्री केवळ स्वतःच्या टिपणवहीत लिहितो, सकाळी पुन्हा वाचतो आणि त्यातले खरोखर गरजेचे तेवढेच पाठवतो. निम्म्याहून अधिक गोष्टी पाठवाव्याशा वाटत नाहीत.

प्रतिसाद ६

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो. कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मोकळे राहण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामगार कायद्यात आला; ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना त्याविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने २०२१ साली जबाबदारी मालकावर टाकली, म्हणजे अपवादात्मक आपत्ती वगळता विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क साधणे मालकानेच टाळायचे आहे. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी वेळेबाहेरचा संदेश पाहण्यास किंवा त्याला उत्तर देण्यास नकार देऊ शकतो, मात्र तो नकार अवाजवी नसावा. १५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या लहान व्यवसायांना ही तरतूद एक वर्षाने लागू झाली. भारतात सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या तरतुदीत नकार वाजवी की अवाजवी हे ठरवताना संपर्काचे कारण काय, त्यामुळे किती व्यत्यय येतो, उपलब्ध राहण्याचा मोबदला मिळतो का, कामाचे स्वरूप व जबाबदारीची पातळी कोणती आणि कर्मचाऱ्याची कौटुंबिक परिस्थिती काय, हे सर्व पाहिले जाते. कायदा नसला तरी कोणत्याही टीमने स्वतःचा नियम लिहिताना हेच पाच प्रश्न समोर ठेवावेत, असे मला वाटते. लक्षात घ्यावे की हे सर्व कायदे कामाच्या वेळेबाहेरचे आहेत. दुपारी तीन वाजता बारा मिनिटांत प्रश्नचिन्ह येणे, या धागाकर्तीच्या मूळ अडचणीवर कोणताही कायदा उपाय सांगत नाही. तेथे टीमलाच बसून ठरवावे लागेल.

प्रतिसाद ७

वेगळे कार्यालयीन ॲप असणे ही सुद्धा सोयच म्हणावी लागेल, कारण अनेक ठिकाणी सर्व काम खासगी फोनवरील व्हॉट्सॲपवर चालते. तेथे नातेवाईक, शाळेचा ग्रुप आणि साहेब एकाच यादीत असतात. निळ्या खुणा वैयक्तिक संभाषणात बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये संदेश कोणी वाचला हे दिसतेच. ग्रुप आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा म्यूट करता येतो. आम्ही टीममध्ये एवढेच ठरवून घेतले की ग्रुपमधील वाचल्याच्या खुणेचा दाखला कोणीही कोणाला देणार नाही. ‘तुम्ही वाचले होते, मग उत्तर का नाही?’ हे वाक्य बंद झाल्यावर लोक संदेश मोकळेपणाने उघडू लागले. त्याआधी खूण उमटू नये म्हणून कित्येक जण ते न उघडता ठेवत असत आणि कामाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे. ज्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये कार्यालयाने कामाची ॲप वेगळी ठेवणारे ‘वर्क प्रोफाइल’ बसवले आहे, त्यांना काम संपल्यावर ते प्रोफाइलच थांबवून ठेवता येते.

मूळ लेखिकेचा पुढील प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ वाचून मी माझी नोंद पुन्हा तपासली आणि त्या १९ संदेशांपैकी ६ संदेशांना मी पोचही दिली नव्हती हे माझ्या लक्षात आले. ती माझी चूक आहे आणि आता मी सकाळी साडेअकराला, दुपारी दोनला आणि साडेचारला संदेश पाहून प्रत्येकाला निदान केव्हा उत्तर देईन हे कळवते.

प्रतिसाद ५ मधील पानाच्या धर्तीवर मी एक कच्चा मसुदा केला आणि आमच्या टीमप्रमुखांना दाखवला. त्यांनी तो टीमच्या बैठकीत ठेवला. चार तासांऐवजी तीन तास असावेत असे बहुमत पडले आणि ते मला मान्य आहे. सर्वाधिक चर्चा ‘तातडीचे’ कशाला म्हणायचे यावर झाली. अखेर ‘एका तासात उत्तर मिळाले नाही तर कोणाचे तरी नुकसान होईल’ अशी व्याख्या ठरली आणि त्यासाठी फोनच करायचा असेही ठरले. टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलीने ‘जेवणाच्या वेळेत उत्तर द्यायचे का?’ असे विचारले, तेव्हा खोलीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. जेवणाची वेळ त्या तीन तासांत धरायची नाही, हे वाक्य तिच्या प्रश्नामुळे मसुद्यात आले. प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

ज्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी प्रश्नचिन्ह पाठवले होते, त्यांच्याशी मी स्वतंत्रपणे बोलले. त्यांचे आधीचे कार्यालय अपघात आणि बिघाड हाताळणारे होते आणि तेथे पाच मिनिटांचे मौन म्हणजे काहीतरी गंभीर घडल्याची खूण मानली जात असे, असे त्यांनी सांगितले. ती सवय आपल्याबरोबर आली, हे त्यांनी स्वतःहून मान्य केले. त्यांच्याविषयी माझ्या मनात असलेला राग त्या पंधरा मिनिटांत ओसरला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आमच्या टीमबाहेरचे, दोन पातळ्या वरचे अधिकारी थेट संदेश पाठवतात तेव्हा हे पान त्यांना दाखवायचे कोणी, यावर टीमप्रमुखांनी पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ मागितला आहे. कोणाच्या टीमने हा टप्पा पार केला असेल, तर तो विषय वरपर्यंत कोणत्या शब्दांत नेला हे येथे जरूर लिहावे.